साडेसहाशे शब्दांची कैफियत

दिवाळीच्या आठवड्यात, घरोघरी चिवड्यात मीठ कमी पडले की तिखट अधिक झाले याची चर्चा चाललेली असताना, आमच्या गल्लीतील पिठाच्या गिरणीवाल्यांची बारावीतील कन्या दोन छापील कागद हातात घेऊन माझ्या दारात उभी राहिली. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांचे पंचांग निराळे असते. त्यात लक्ष्मीपूजनापेक्षा नोव्हेंबरची पहिली तारीख मोठी, कारण अमेरिकेतील पुष्कळ महाविद्यालयांच्या आगाऊ अर्जांची मुदत त्या दिवशी संपते. माझा जन्म मराठी शिकविण्यात गेला, तेव्हा इंग्रजी मसुदा तपासण्याचा मला अधिकार तो कोणता, असे मी म्हणणार तोच ती म्हणाली, "सर, इंग्रजी नका बघू. हे मी लिहिलंय असं वाटतं का, तेवढंच सांगा."

वाटत नव्हते. पहिल्याच वाक्यात तिला लहानपणापासून संगणकाची अनिवार ओढ होती. दुसऱ्या परिच्छेदात तिने एका कार्यशाळेत नेतृत्व केले होते. आणि तिसऱ्यात तिचे आजोबा अंधत्वाच्या उंबरठ्यावर उभे असून नातीने तंत्रज्ञानाच्या बळावर जगातील अंधार दूर करण्याचा निश्चय केला होता. हे आजोबा माझ्या नित्य परिचयाचे. त्यांच्या डाव्या डोळ्यातील मोतीबिंदू गेल्या वर्षी काढला, आणि तेव्हापासून ते कोपऱ्यावरच्या बाकावर बसून वर्तमानपत्रातील शब्दकोडे सोडवितात व अडले म्हणजे मला हाक मारतात. चौकशी करता उलगडा असा झाला की, ज्या सल्लागाराकडे ही मुलगी शुल्क भरून जात होती, त्याने पहिल्याच भेटीत, "घरात काही मोठं घडलंय का? आजारपण, मृत्यू, कर्ज?" असे विचारले होते, आणि घरातील सर्व मंडळी हयात, सुखरूप व बिनकर्जी असल्याचे ऐकून त्याचा चेहरा पडला होता. अखेर मोतीबिंदूवर भागवावे लागले.

आपल्या कचेऱ्यांनी आजवर जातीचा दाखला मागितला, उत्पन्नाचा मागितला, अधिवासाचा मागितला, शाळा सोडल्याचाही मागितला. दुःखाचा दाखला मागणारी कचेरी मात्र मी प्रथमच पाहत होतो.

ज्यांचा या व्यवहाराशी संबंध आलेला नाही, त्यांच्याकरिता थोडा तपशील सांगितला पाहिजे. १९७५ साली अमेरिकेतील पंधरा खाजगी महाविद्यालयांनी एकत्र येऊन प्रवेशाचा एक सामाईक अर्ज सुरू केला. आज तो स्वीकारणाऱ्या संस्थांची संख्या हजारावर गेली आहे. त्या अर्जात गुण, परीक्षा, शिक्षकांची शिफारसपत्रे यांच्या जोडीला उमेदवाराने स्वतःविषयी एक निबंध लिहावयाचा असतो, त्याची कमाल मर्यादा ६५० शब्दांची आणि किमान २५० ची. पदवीनंतरच्या शिक्षणासाठी जाणाऱ्यांना असेच एक हेतुपत्र द्यावे लागते. पुण्या-मुंबईच्या मुलांच्या तोंडी त्याचे नाव 'एसओपी', आणि 'एसओपी झाली का?' हा प्रश्न ती एकमेकांस, पूर्वी लग्नघरी 'याद्या झाल्या का?' असे विचारीत, त्याच काळजीने विचारतात.

अर्जासोबत स्वतःची हकीकत जोडण्याची कल्पना आपणांस वाटते तितकी परकी नाही. पेशवाईच्या दप्तरात वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे दोन्ही पक्षांकडून तकरीर, करीना, कैफियत असे कागद लिहवून घेत, आणि त्यांत माणूस आपली बाजू आपल्या शब्दांत मांडीत असे. भेद एवढाच की, त्या कैफियतीत 'मी कोण' याचे उत्तर पणजोबापासून सुरू होई, आणि अमेरिकन निबंधात पणजोबाला प्रवेश नाही. (निदान निबंधात नाही. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात झुकते माप देण्याची चाल तेथील अनेक नामांकित खाजगी विद्यापीठांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिला ते लोक परंपरा म्हणतात, आमच्या दप्तरात तिला वतन म्हणत. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली कायदा करून आपल्यापुरते हे वतन खालसा केले.) आपल्याकडे माणूस स्वतःची ओळख नात्यानेच करून देतो. इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती' या प्रसिद्ध निबंधात तर एवढी विदुषी, कोणाची सून, कोणाची पत्नी अशी ओळख होऊनही काही उणे राहिल्याची रुखरुख घेऊन घरी परतते, आणि रस्त्यावरचा एक शाळकरी पोर तिला आपल्या वर्गमित्राची आई म्हणून ओळखतो तेव्हा तिची ओळख पुरी होते. अशा समाजातील सतरा वर्षांच्या मुलीला 'तू एकटी कोण ते सांग' असे कोणी विचारले, तर तिची जीभ अडखळावी हे स्वाभाविक आहे.

त्यातही आमच्या शिक्षकवर्गाने तिची पूर्वतयारी करून घेतली आहे ती नेमकी उलट दिशेने. मराठी शाळेतील मूल फाटक्या पुस्तकाचे मनोगत लिहिते, नदीचे आत्मवृत्त लिहिते, पडक्या किल्ल्याच्या, मोडक्या छत्रीच्या आणि बंद पडलेल्या घड्याळाच्या वतीने अश्रू ढाळते, पक्षी झाले तर काय करीन तेही सांगते. चराचरातील यच्चयावत वस्तूंची वकिली करून झाली तरी दहा वर्षांत एकदाही त्याला स्वतःच्या वतीने साक्ष द्यावयास कोणी उभे केलेले नसते. 'माझा आवडता छंद' हा एक विषय तेवढा त्या अंगाने येतो, आणि त्यावर माझ्या वर्गातील चाळीसपैकी निम्म्या मुलांनी तिकिटे जमविण्याचा छंद लिहिला असल्याचे मला आठवते, कारण मार्गदर्शक पुस्तकात तोच छापला होता. त्यांपैकी कोणाच्याही घरी पाकिटावेगळे तिकीट नव्हते हे ठाऊक असून मी दहापैकी सात गुण देत आलो. तेव्हा या मुलीच्या मोतीबिंदूवर हसण्याचा अधिकार मला फारसा नाही.

हा निबंध मागण्यामागे विद्यापीठांचा हेतू उदात्त असला पाहिजे, अशी आपली समजूत असते. इतिहास तिला पुरतेपणी दुजोरा देत नाही. जेरोम कॅराबेल या समाजशास्त्रज्ञाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या 'द चोझन' या ग्रंथात हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रवेशपद्धतीचा सविस्तर वृत्तान्त दिला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या संस्थांत प्रवेश मुख्यत्वे परीक्षेवर मिळे, आणि पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतील हुशार मुले ती परीक्षा सहज पार करू लागली. हार्वर्डमध्ये त्यांचे प्रमाण एकपंचमांशापर्यंत गेले, तेव्हा तेथील अध्यक्ष लॉवेल यांनी १९२२ साली त्यांच्या संख्येला उघड मर्यादा घालण्याचा प्रस्ताव आणला. तो अध्यापकांनी मानला नाही, म्हणून पुढे १९२६ पासून 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' या मोघम शब्दांना वजन देण्यात आले. छायाचित्र, मुलाखत, शिफारस, स्वतःविषयीचे निवेदन हा सरंजाम त्या सुमारास वाढत गेला. ज्याची मोजदाद करता येते त्या गोष्टीत ज्यांना अडविता येत नाही, त्यांना ज्याची मोजदाद करता येत नाही त्या गोष्टीत अडवावे, असा तो हिशेब होता. दैवगती अशी की, २०२३ च्या जून महिन्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली, तेव्हा मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी जी एक वाट मोकळी ठेवली, ती याच निबंधाची: वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे उमेदवाराने निबंधात लिहिल्यास विद्यापीठाने ते विचारात घेण्यास हरकत नाही. शंभर वर्षांपूर्वी जे दार लोटून घेण्याकरिता बसविले, तेच आज किलकिले राहिलेले एकमेव दार ठरावे, हा न्याय म्हणावा की चेष्टा, ते मला कळत नाही.

आणि निबंध गरिबाला तारतो, हेही सिद्ध झालेले नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे आलेल्या साठ हजार अर्जदारांच्या निबंधांचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, निबंधातील विषयवस्तूचा कुटुंबाच्या उत्पन्नाशी असलेला संबंध 'सॅट' या परीक्षेतील गुणांच्या संबंधापेक्षाही घट्ट आहे. म्हणूनच, आपल्याकडील वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशांतही असा निबंध आणावा, म्हणजे गुणांची जीवघेणी स्पर्धा सौम्य होईल, असे जे सुशिक्षित गृहस्थ अधूनमधून सुचवितात, त्यांच्याशी मी सहमत नाही. दशांश चिन्हापुढील आकड्याने मुलाचे भवितव्य ठरावे हे क्रूर खरे, परंतु तो आकडा निदान वशिल्याला जुमानत नाही. निबंध आला की त्याची शिकवणी येईल, शिकवणीपाठोपाठ त्याचे नवनीत येईल, आणि मोडक्या छत्रीच्या जागी मोडलेले आजोबा येतील.

मग हा निबंध टाकाऊ आहे काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण एका मराठी मुलीचे पत्र आहे.

१८८३ च्या जून महिन्यात, अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी एक पत्र लिहिले. त्या महाविद्यालयाचा वारसा आज ज्या ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे, त्याच्या अभिलेखागारात ते जपून ठेवलेले आहे. अमेरिकेत पाऊल ठेवून त्यांना महिनाही झाला नव्हता. आपली तयारी प्रवेशाच्या अटींना उतरेल की नाही याची खात्री नसल्याचे त्या आरंभीच मोकळेपणाने कबूल करतात. आप्तेष्टांचा आणि जातीचा विरोध पत्करून जो निर्धार आपल्याला येथवर घेऊन आला, तोच पुढचे काम तडीस नेण्यास साहाय्य करील असे म्हणतात. आणि ते काम कोणते हेही स्वच्छ सांगतात, की माझ्या देशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना मला वैद्यकीय मदत द्यावयाची आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत गेले होते हे चरित्रांतून आपण सर्व जाणतो. आजच्या एखाद्या सल्लागाराने ते मूल पहिल्या ओळीत आणून ठेवले असते. आनंदीबाईंच्या पत्राचा भार त्या दुःखावर टेकलेला नाही, तो टेकलेला आहे पुढे करावयाच्या कामावर. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, त्यांना पदवी मिळाली.

या पत्रात चूक काढू शकतील अशी माणसे त्या वेळी हयात होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जातीचा विरोध खरा होता की नाही ते कल्याण आणि पुण्याला विचारता आले असते. जुन्या दप्तरात अशा पडताळणीला रुजवात म्हणत, आणि स्वतःविषयीच्या लेखनाची खरी कसोटी माझ्या मते हीच आहे: ज्या निबंधात घरचे माणूस 'हे असे नव्हते, तसे होते' म्हणून बोट ठेवू शकते, तो त्या मुलाचा निबंध. ज्यात आई, बाप, आजी यांपैकी कोणालाच चूक काढता येत नाही, कारण त्यात घडलेले असे काही नाहीच, तो कोणाचाही निबंध. तो विकत मिळतो, आणि आता तर यंत्राला सांगितले की फुकटही मिळतो. ब्रिटनमध्ये प्रवेशाचे काम पाहणाऱ्या 'यूकॅस' या संस्थेने २००७ च्या सुमारास अर्जांची छाननी केली, तेव्हा २३४ उमेदवारांनी एकच हृद्य आठवण लिहिली असल्याचे उघडकीस आले: आठव्या वर्षी रसायनांचा खेळ खेळताना आपल्या पायजम्याला जळून भोक पडले आणि त्या क्षणापासून विज्ञानाची गोडी लागली. दोनशे चौतीस पायजमे, आणि त्यांपैकी एकालाही ठिगळ लावल्याचे स्मरणारी आई नाही! त्या संस्थेने २०२६ च्या प्रवेशांपासून सलग निवेदनाऐवजी तीन नेमके प्रश्न विचारावयास आरंभ केला आहे: हा विषय का, अभ्यासाने काय तयारी झाली, आणि अभ्यासाबाहेर काय केले. हा बदल मला शहाणपणाचा वाटतो, कारण मोघम प्रश्नाला नेहमीच पाठ केलेले उत्तर मिळते.

दुःख सांगूच नये, असा याचा अर्थ कोणी काढू नये. बाबासाहेब आंबेडकरांनी १९०१ सालचा आपला एक प्रवास इंग्रजीत लिहून ठेवला आहे. खटाव तालुक्यात नोकरीवर असलेल्या वडिलांकडे निघालेली साताऱ्याची मुले मसूर स्टेशनावर उतरतात; ती महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर दूर होतो; एकही गाडीवान त्यांना गाडीत घेत नाही; अखेर एक जण दुप्पट भाड्यावर कबूल होतो, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि आपण शेजारून चालावे या अटीवर; आणि रात्रभर मुलांना पाणी मिळत नाही. त्यात स्टेशनाचे नाव आहे, भाड्याचा व्यवहार आहे, बरोबर घेतलेला डबा आहे. 'यातून मी कणखर झालो' असे प्रशस्तिपत्र स्वतःला दिलेले नाही. ते लेखन कोणत्याही प्रवेशासाठी नव्हते, आणि कदाचित म्हणूनच त्यातील दुःख कोणापुढे हात पसरीत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला त्याची जखम मोजून मापून साडेसहाशे शब्दांत मांडावयास लावणे, आणि ज्याला जखम नाही त्याला ती उसनी आणावयास लावणे, या दोन्ही गोष्टींत मला सारखाच अनाचार दिसतो. त्याबद्दल अर्ज वाचणाऱ्यांनी संकोच बाळगला पाहिजे, आणि शुल्क घेऊन ते शिकविणाऱ्यांनी तर अधिकच.

मी त्या मुलीचे कागद बाजूला ठेवले आणि म्हटले, "संध्याकाळी गिरणीत तूच बसतेस ना? तिथलं काही लिहिलं नाहीस?"

"त्यात लिहिण्यासारखं काय आहे, सर? लोक डबे आणतात, दळून नेतात."

परंतु बोलता बोलता ती सांगू लागली, आणि मी ऐकत राहिलो. डबे आल्या क्रमाने लागतात, दळण मात्र आल्या क्रमाने करता येत नाही. बाजरीमागे गहू घातला तर पोळी काळवंडते, म्हणून गव्हाच्या डब्याचा मालक आपल्या पुढे कोणाचे काय आहे ते झाकण उघडून पाहतो. उपवासाची वरी आणि राजगिरा गव्हामागे कोणी दळून घेत नाही, म्हणून एकादशीच्या आदल्या दिवशी दगड झाडून ते सकाळी सर्वांआधी काढावे लागतात. डाळीच्या पिठाचा वार ठरलेला. आणि दगडांना नवी टाकी लावली असेल त्या दिवशी पहिले दळण घरचेच घालतात, कारण त्यात कच येते. सहावीत असताना कोणामागे कोणाचे दळण यावरून दोन शेजारणींचे भांडण जुंपले, तेव्हा हिने वहीच्या मागल्या पानावर एक तक्ता केला: कोणते धान्य कोणामागे चालते, कोणते चालत नाही, आणि कमीत कमी वेळा दगड झाडून दिवसाची सर्व दळणे कशी उरकता येतील. पुढे ती प्रत्येक डब्याला चिठ्ठी लावून त्यावर न्यावयास येण्याची वेळ लिहू लागली, आणि दारात तिष्ठणारी माणसे घरी जाऊ लागली. तक्ता अजून गिरणीच्या भिंतीवर आहे, पिठाने पांढरा झालेला. संगणकशास्त्र शिकावयास निघालेल्या मुलीला हे सांगण्याजोगे वाटले नाही, कारण सल्लागाराने ते विचारले नव्हते, आणि सल्लागाराआधी दहा वर्षे मी व माझ्यासारख्यांनीही विचारले नव्हते.

मी तिला एवढेच सांगितले की, हे आधी मराठीत लिही, जसे मला सांगितलेस तसे. ज्या भाषेत भांडण झाले, त्या भाषेत ते प्रथम कागदावर उतरू दे. इंग्रजी मागाहून करता येते. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी तिने मजकूर आणला, त्यात चाळीसेक ओळी होत्या आणि 'नेतृत्व' हा शब्द नव्हता. 'दळण' या शब्दाला इंग्रजीत काय म्हणावे यावर आम्ही अर्धा तास घालविला आणि शेवटी तो तसाच ठेवावा असे ठरले.

रात्री तिने तो मजकूर वडिलांना वाचून दाखविला. ते गृहस्थ अबोल, शेवटपर्यंत ऐकून घेतले, आणि म्हणाले, "डाळीचा वार गुरुवार लिहिलायस तू. गुरुवारी लाइट जाते, गुरुवारी डाळ कशी दळणार? बुधवार." मग थोडे थांबून त्यांनी आणखी एक दुरुस्ती सांगितली: दगड झाडण्याचे काम वडील करतात असे तिने लिहिले होते, ते कामाला येणाऱ्या मावशी करतात, आणि तसेच लिहावयास हवे. बुधवारने शब्दसंख्या बदलली नाही. मावशींमुळे मात्र इंग्रजी मसुदा मर्यादेच्या नऊ शब्द पलीकडे गेला, तेव्हा जुन्या मसुद्यातून चुकून उतरलेले संगणकाच्या ओढीचे ते पहिले वाक्य तिने काढून टाकले.